पावती खरंच कागदावर आली का, हे प्रोग्रॅमला कसं कळणार?

देवगडहून एका तरुण प्रोग्रॅमरने विचारलं आहे: "आंबा पॅकिंगच्या शेडसाठी मी सी शार्पमध्ये प्रोग्रॅम लिहिला आहे. पेटी भरली की बागायतदाराची पावती थर्मल प्रिंटरवर आणि पेटीवरची चिठ्ठी लेबल प्रिंटरवर निघते. छापायला सांगितल्यावर चूक काहीच येत नाही, प्रोग्रॅम 'छापलं' अशी नोंद करून मोकळा होतो. पण दिवसातून दोन-चार वेळा कागदच आलेला नसतो. प्रिंटरची रांग उघडून बघावी तर ती रिकामी. छपाईच्या कामाची खरी स्थिती प्रोग्रॅममधून कशी तपासायची?"

तुम्ही रांग पाहिलीत, ती रिकामी निघाली आणि शोध तिथेच थांबला. रांग रिकामी झाली याचा अर्थ एवढाच, की माल संगणकाच्या हातून सुटला. आंब्याची गाडी देवगडहून सुटली म्हणून पेट्या वाशीच्या गाळ्यावर उतरल्या असं कुठलाही बागायतदार धरून चालत नाही. तो दलालाच्या फोनची वाट बघतो. तुमचा प्रोग्रॅम गाडी सुटल्याबरोबर वहीत 'पोचली' असं लिहितो आहे.

मधला रस्ता नीट बघू. छापायला सांगितलं की विंडोज ते काम आधी डिस्कवर उतरवून घेतं. सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे, तिथे प्रत्येक कामाच्या दोन फाइली दिसतील: एकीत छापायचा मजकूर, दुसरीत कामाची माहिती. हे सगळं सांभाळणारी सेवा म्हणजे स्पूलर. स्पूलर तो मजकूर पोर्टमधून, म्हणजे जोडणीच्या वाटेने, प्रिंटरकडे ढकलतो आणि प्रिंटर तो आधी स्वतःच्या मेमरीत घेतो. तुमची पावती असून असून किती मोठी? अख्खी पावती क्षणात प्रिंटरच्या मेमरीत जाते, स्पूलर फाइली पुसतो, रांग रिकामी होते, आणि कागद तेव्हा जेमतेम हलायला लागलेला असतो.

आता यात आपल्याकडची लाइट घाला. बहुतेक शेडमध्ये संगणक इन्व्हर्टरवर असतो आणि प्रिंटर साध्या बोर्डावर, कारण इन्व्हर्टरवर भार नको म्हणून वायरमननेच तसं करून दिलेलं असतं. लाइट गेली की संगणक चालू राहतो, प्रिंटर मरतो आणि त्याच्या मेमरीतली पावती त्याच्याबरोबर जाते. संगणकाच्या बाजूने सगळं सुरळीत पार पडलेलं असतं, म्हणून चूक यायचा प्रश्नच नाही. तुमच्याकडे हे दिवसातून दोन-चार वेळा होतं म्हणता, तर आधी त्या वेळा लिहून काढा आणि लाइट जाण्याच्या वेळांशी जुळवून बघा. जुळल्या तर पहिलं काम वायरमनचं: थर्मल आणि लेबल प्रिंटर इन्व्हर्टरवर घ्या. त्यांना फारशी वीज लागत नाही. लेसर प्रिंटर मात्र घेऊ नका, तो तापताना एकदम जोरात करंट ओढतो.

प्रोग्रॅमकडे वळण्याआधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख बघता तुम्हीही त्याच वाटेने जाल अशी मला काळजी वाटते. मी रत्नागिरीत २५ वर्षं बिलिंगचे प्रोग्रॅम लिहितो. सुरुवातीच्या काळात मालवणच्या बाजूला एका बंदरावर मासळीच्या लिलावाच्या पावत्यांचं काम घेतलं होतं. पावती न निघाल्याच्या तक्रारी आल्या म्हणून मी 'उत्तर नाही आलं तर पुन्हा पाठव' अशी सोय केली. एका संध्याकाळी प्रिंटरचा रोल संपला. प्रोग्रॅमने तीच पावती तीनदा पाठवली, तिन्ही कामं रांगेत साठली, आणि नवा रोल घातल्यावर एकाच होडीच्या एकाच विक्रीच्या तीन पावत्या बाहेर पडल्या. पावती दाखवली की पैसे, असा तिथला रिवाज. हिशेब लागेपर्यंत मध्यरात्र झाली. आणि या गोंधळात दुसरा एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, काउंटरवर उभा राहून सांगत होता, "माका पावती गावाक नाय." त्याची खरंच निघाली नव्हती, आणि माझ्या प्रोग्रॅमच्या नोंदीत ती 'छापली' होती. त्या दिवसापासून पैशाची पावती आपोआप पुन्हा पाठवायची नाही, हा नियम मी मोडलेला नाही.

आता विंडोजमध्ये काय विचारता येतं ते.

सी शार्पमध्ये तुम्ही बहुधा प्रिंटडॉक्युमेंट हा छपाईचा तयार भाग वापरत असाल. त्याची एंडप्रिंट ही घटना आली म्हणजे छपाई संपली असं नाव वाचून वाटतं. प्रत्यक्षात तुमच्या प्रोग्रॅमने शेवटचं पान स्पूलरच्या हवाली केलं, एवढाच तिचा अर्थ. त्यातही अडचण म्हणजे प्रिंटडॉक्युमेंट तुम्हाला कामाचा क्रमांक देत नाही. क्रमांक नाही तर रांगेत कुठलं काम आपलं, हे ओळखणार कसं? यावर दोन उपाय आहेत. साधा उपाय असा, की डॉक्युमेंटच्या नावातच पावती क्रमांक घाला, 'पावती ०४१२' असा, आणि रांगेत त्या नावाने शोधा. दुसरा, मला जास्त आवडणारा उपाय म्हणजे विंडोजची स्टार्टडॉकप्रिंटर ही आज्ञा थेट वापरा. ती कामाचा क्रमांक परत देते. पावतीसारखा कच्चा मजकूर, म्हणजे प्रिंटरच्याच भाषेतले बाइट जसेच्या तसे, पाठवायला तीच सोयीची. तरी नावात पावती क्रमांक घालाच. स्पूलरने दिलेला क्रमांक कायमचा नसतो, तोच क्रमांक पुढे दुसऱ्या कामाला मिळू शकतो. तुमचा पावती क्रमांक मात्र तुमच्या ताब्यात असतो.

क्रमांक हातात आला की गेटजॉब या आज्ञेने एका कामाची स्थिती मिळते आणि एनमजॉब्सने सगळ्या रांगेची. एनमजॉब्स दोनदा हाक मारून वापरायची असते: पहिल्यांदा जागा किती लागेल ते विचारायचं, मग तेवढी जागा देऊन यादी मागायची. या दोन हाकांच्या मध्ये दुसऱ्या कुणी काम टाकलं तर दिलेली जागा अपुरी पडते आणि आज्ञा नापास होते. म्हणून तिला लूपमध्ये ठेवा. हंगामात दोन संगणक एकाच प्रिंटरवर तुटून पडलेले असताना हे हमखास घडतं.

स्थिती म्हणून एक आकडा येतो. त्यात १ म्हणजे काम थांबवलेलं, २ चूक, ८ म्हणजे डिस्कवर उतरतंय, १६ छपाई चालू, ३२ प्रिंटर ऑफलाइन, ६४ कागद नाही, १२८ छापलं, १०२४ कुणीतरी येऊन बघा, ४०९६ पूर्ण. शून्य आलं तर काम नुसतं रांगेत बसलेलं आहे. यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक बिट, लागलेली किंवा न लागलेली एक खूण, आणि हे आकडे एकमेकांत मिसळून येतात. छपाई चालू असताना कागद संपला तर १६ आणि ६४ मिळून ८० येतात. तुम्ही 'स्थिती ६४ आहे का' असं बरोबरच्या चिन्हाने विचारलंत तर उत्तर 'नाही' येईल आणि रोल संपलेला असूनही प्रोग्रॅम गप्प बसेल. प्रत्येक बिट वेगळा काढून तपासा. नवीन मुलांच्या प्रोग्रॅममध्ये मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेली चूक हीच. याशिवाय स्थितीच्या शब्दांसाठी एक वेगळा रकाना असतो. प्रिंटरच्या ड्रायव्हरने त्यात काही लिहिलं असेल तर आकड्याऐवजी ते शब्द धरायचे असतात, तेव्हा तोही वाचा.

या यादीतलं ४०९६ नीट समजून घ्या. मायक्रोसॉफ्टच्याच माहितीत त्याचा अर्थ असा दिला आहे, की काम प्रिंटरकडे पाठवलं गेलं, पण कदाचित अजून छापलं गेलं नसेल. 'पूर्ण' या शब्दावर विसंबून किती प्रोग्रॅम उभे आहेत! १२८ जरा बरं, पण तेही पोर्ट सांभाळणाऱ्या भागाने 'माझं झालं' म्हटल्यावरच लागतं, आणि तो भाग तितकाच जाणता असेल तितकंच खरं.

कामाच्या स्थितीबरोबर प्रिंटरची स्थितीही गेटप्रिंटरने विचारा. यूएसबीचा प्रिंटर बंद असेल तर पुष्कळदा कामाच्या आकड्यात काहीच दिसत नाही, आणि प्रिंटरच्या गुणधर्मांत 'ऑफलाइन काम' हा बिट लागलेला असतो. पण रांगेत काम नसताना प्रिंटरची स्थिती विचारून काही हाती लागत नाही. 'तयार' असं उत्तर येतं, आणि ती केवळ स्पूलरची समजूत असते. मधल्या काळात रोल संपला, झाकण उघडलं, तरी स्पूलर आपण होऊन जाऊन बघत नाही.

पुढचा प्रश्न किती वेळाने विचारायचं. दर सेकंदाला विचारलंत तर छोटी पावती दोन प्रश्नांच्या मधेच येऊन गेलेली असते आणि तुम्हाला ती रांगेत कधी दिसलीच नाही असं होतं. यासाठी प्रिंटरच्या गुणधर्मांत 'छापलेली कामं ठेवून द्या' अशी खूण आहे. ती लावली की झालेलं काम रांगेतून जात नाही. तुम्ही निवांत स्थिती वाचायची, नोंद करायची आणि मग सेटजॉबने ते काम स्वतः पुसायचं. पुसायला विसरलात तर हंगाम संपेपर्यंत डिस्क भरते, म्हणून स्थिती वाचणं आणि पुसणं एकाच ठिकाणी लिहा. दुसरी सोय सूचनांची: फाइंडफर्स्टप्रिंटरचेंजनोटिफिकेशन लावून ठेवली की रांगेत काही हललं तर विंडोज तुम्हाला उठवतं. पण गर्दीत सूचना गळतात. गळल्या की सोबत तशी खूण येते, आणि मग सगळी स्थिती नव्याने मागावी लागते. मी सूचनेला दारावरच्या घंटेपुरतीच ठेवतो. घंटा वाजली की उठून एनमजॉब्सने स्वतः रांग बघतो. घंटेबरोबर आलेल्या निरोपावर हिशेब करत नाही.

सी शार्पचे प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या डॉटनेटमधल्या सिस्टिम-प्रिंटिंग या भागात हेच सगळं सोप्या नावांनी मिळतं. दोन गोष्टी ध्यानात असू द्या: प्रत्येक वेळी वाचण्याआधी रिफ्रेश करा, नाहीतर जुनीच स्थिती वाचत बसाल. आणि हा भाग विंडोज सेवेत किंवा वेब सर्व्हरमध्ये वापरू नका, मायक्रोसॉफ्टने तशी स्पष्ट सूचना दिलेली आहे. झाल्यावर मागे वळून बघायचं असेल तर विंडोजच्या छपाईच्या नोंदवहीत ३०७ क्रमांकाची नोंद सापडते: कुठलं डॉक्युमेंट, कुणाचं, कुठल्या पोर्टवर, किती पानं. ही वही मुळात बंद असते, चालू करून घ्यावी लागते. भांडण मिटवायला ती उपयोगी पडते. पण कच्च्या मजकुराच्या पावत्यांची पानं स्पूलरला कळत नाहीत, तेव्हा पानांच्या आकड्याला धरून बसू नका.

इथपर्यंत जे सांगितलं ते सगळं संगणकाच्या बाजूचं. कागदाबद्दल खरं काय ते फक्त प्रिंटर सांगू शकतो, आणि तुमचं नशीब असं की तुमचे दोन्ही प्रिंटर बोलके आहेत.

पूर्वी ही गोष्ट सोपी होती. समांतर पोर्टच्या केबलमध्ये १२ नंबरची तार कागद संपल्याचं सांगायची, ११ नंबरची प्रिंटर गुंतलेला आहे म्हणायची, आणि विंडोज ९८ पर्यंत आम्ही पोर्ट ८८९ थेट वाचून ते बिट बघायचो. आता मध्ये इतके थर आले की त्या तारेचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत नाही. ते तुम्हाला मुद्दाम विचारावं लागतं.

पावत्यांच्या थर्मल प्रिंटरला एप्सनने आणलेली आज्ञांची भाषा समजते, आणि बाजारातले बाकीचे बहुतेक प्रिंटरही तीच बोलतात. प्रिंटरला १६, ४, ४ असे तीन बाइट पाठवा. उत्तरात एक बाइट येतो. १८ आला तर रोल भरपूर. ३० आला तर रोल संपत आलाय. ९६ ची भर पडलेली असेल, म्हणजे ३२ आणि ६४ हे बिट लागलेले असतील, तर रोल संपला. १६, ४, २ पाठवलं तर प्रिंटर का थांबलाय ते कळतं: ४ चा बिट म्हणजे झाकण उघडं, ३२ म्हणजे कागद संपून छपाई थांबली, ६४ म्हणजे बिघाड. या प्रश्नांची उत्तरं प्रिंटर हातातलं काम बाजूला ठेवून लगेच देतो, म्हणून तो अडलेला असतानाही विचारता येतं. उत्तरच आलं नाही तर तो बंद आहे किंवा केबल निघाली आहे, आणि तेही एक उत्तरच.

याच भाषेत आणखी एक आज्ञा आहे जी फार थोडे लोक वापरतात, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तीच आहे. पावतीच्या शेवटी २९, ४०, ७२, ६, ०, ४८, ४८ हे बाइट आणि त्यापुढे तुमच्या आवडीची चार अक्षरं पाठवायची. मी पावती क्रमांकाचे शेवटचे चार अंक इंग्रजी आकड्यांत पाठवतो. त्याआधीचं सगळं काम उरकलं की प्रिंटर तीच चार अक्षरं परत पाठवतो. वाशीहून दलालाचा फोन यावा तसा हा निरोप. सगळ्या मॉडेलना ही आज्ञा कळत नाही, तेव्हा खरेदीच्या आधी माहितीपुस्तिकेत बघा. दोन-चार हजार रुपये जास्त पडले तरी मी गिऱ्हाइकाला ही आज्ञा कळणारंच मॉडेल घ्यायला लावतो.

लेबल प्रिंटर झेडपीएल ही लेबल प्रिंटरांची भाषा समजणारा असेल तर टिल्ड (~) हे चिन्ह आणि त्यापुढे एचएस ही दोन अक्षरं पाठवा. तो तीन ओळींचं उत्तर देतो. त्यात कागद आहे की नाही, प्रिंटर थांबवलेला आहे का, आणि चालू गठ्ठ्यातली किती लेबलं छापायची राहिलीत हे सगळं येतं. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पेटीवरच्या चिठ्ठीला पूर्वीपेक्षा जास्त मोल आहे. ४० चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात नेमक्या कितीव्या चिठ्ठीला रोल संपला हे कळलं तर एकही पेटी बिनचिठ्ठीची किंवा दोन चिठ्ठ्यांची जात नाही.

उत्तर ऐकायला मात्र वाट दुतर्फा हवी. यूएसबीवरच्या प्रिंटरचं उत्तर विंडोजच्या रांगेतून परत मिळवणं फार कटकटीचं आहे, त्यात वेळ घालवू नका. शक्य असेल तर नेटवर्कचा प्रिंटर घ्या आणि प्रोग्रॅममधून थेट त्याच्या ९१०० पोर्टला जोडा: पावती पाठवा, त्याच जोडणीवर उत्तर ऐका, आणि जोडणी बंद करा. बंद करायला विसरलात तर दुसऱ्या काउंटरची पावती अडते, कारण हे छोटे प्रिंटर बहुधा एका वेळी एकाशीच बोलतात.

पुढेमागे लिनक्सवर गेलात तर तिथे स्पूलरचं काम करणारा कप्स आहे आणि तो आयपीपी या ठरलेल्या पद्धतीने ६३१ पोर्टवर बोलतो. कामाची स्थिती ३ ते ९ या आकड्यांत येते: ३ रांगेत, ४ रोखलेलं, ५ चालू, ६ मधेच अडलेलं, ७ रद्द, ८ अर्धवट सोडलेलं, ९ पूर्ण. शिवाय कारणं शब्दांत येतात. हे विंडोजपेक्षा सुटसुटीत आहे, पण तिथेही कच्चा मजकूर पुढे ढकलला की कप्स ९ म्हणून मोकळा होतो, तेव्हा वरचं सगळं तसंच लागू. ऑफिसातल्या नेटवर्कवरच्या लेसर प्रिंटरला एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्कवरच्या यंत्रांची विचारपूस करायच्या ठरलेल्या पद्धतीने, आजवरच्या एकूण पानांचा आकडा विचारता येतो. छपाईच्या आधी आणि नंतर विचारून फरक बघायचा. प्रिंटर एकट्याचा असेल तरच याचा उपयोग.

एवढं सगळं केल्यावरही काही पावत्यांचं काय झालं हे कुठूनच कळणार नाही. लाइट नेमकी कागद सरकताना गेली, तर प्रिंटरचा निरोप येण्याआधीच तो मेला. म्हणून तुमच्या टेबलात 'छापलं' असा एक रकाना ठेवू नका. चार अवस्था ठेवा: पाठवली, प्रिंटरकडे गेली, कागदावर आली, आणि कळलं नाही. तिसरी अवस्था फक्त प्रिंटरचा निरोप आल्यावर किंवा माणसाने सांगितल्यावरच लावायची. ठरावीक वेळात, माझ्याकडे १० सेकंद, निरोप आला नाही तर चौथी. प्रोग्रॅम बंद पडून पुन्हा सुरू झाला की पहिल्या दोन अवस्थांत अडकलेल्या सगळ्या पावत्याही चौथीत टाकायच्या.

चौथ्या अवस्थेतली पावती काउंटरवरच्या माणसाला मराठीत, मोठ्या अक्षरांत विचारायची: 'पावती ०४१२ हातात आली का?' खाली 'आली' आणि 'नाही आली' ही दोनच बटणं. 'नाही आली' दाबलं की तोच क्रमांक पुन्हा छापायचा, वर ठळक 'दुसरी प्रत' असं लिहून. नवा क्रमांक कधीही द्यायचा नाही. मग जुनी पावती उशिरा कुठून निघालीच, तरी एका क्रमांकावर एकदाच पैसे सुटतात. बंदरावरचा तो प्रोग्रॅम मी नंतर असाच दुरुस्त करून दिला.

एक गोष्ट यंत्राची. कागद ओळखणारा सेन्सर प्रकाशावर चालतो. शेडमध्ये पेट्यांत भरायच्या पेंढ्याची धूळ उडत असते, ती सेन्सरवर बसली की रोल असून 'संपला' म्हणतो किंवा नसून 'आहे' म्हणतो. हंगामात आठवड्यातून एकदा मऊ ब्रशने तो साफ करा. पावसाळ्यात खारी हवा आणि ओल यांनी जोडणीचे पत्रे गंजतात, तेव्हा जूनमध्ये शेड बंद करताना प्रिंटर घरी नेऊन कोरड्या डब्यात ठेवा.

सगळं लिहून झालं की गिऱ्हाइकासमोर जाण्याआधी प्रिंटर मुद्दाम छळा. २० पावत्या एकापाठोपाठ पाठवा आणि पाचव्या पावतीला झाकण उघडा. नवव्याला केबल उपटा. तेराव्याला प्रिंटरचं बटण बंद करा. सतराव्याला संगणकाचाच प्लग काढा. मग सगळं सुरू करून, हातात आलेले कागद जमिनीवर क्रमाने मांडा आणि टेबलातल्या अवस्थांशी एकेक ताडून बघा. कागद नाही आणि टेबलात 'कागदावर आली' असं एकाही पावतीपुढे दिसलं, तर प्रोग्रॅम अजून शेडमध्ये न्यायचा नाही.